यीस्टमध्ये घडवलेली शर्करायुक्त मानवी प्रथिने आणि विषाणूंशी लढा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शर्करायुक्त प्रथिन म्हणजे नेमके काय? मधुमेहातल्या साखरेशी त्याचा संबंध आहे का?

संबंध नाही, पण गोंधळ होणे स्वाभाविक आहे. मधुमेहात हिमोग्लोबिनला चिकटणारी साखर ही रक्तात जास्त झालेली ग्लुकोज असते. ती कोणत्याही विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीशिवाय, जणू लोखंडावर गंज चढावा तशी, आपोआप चिकटते. शर्करायुक्त प्रथिनाची गोष्ट उलट आहे. तिथे पेशी स्वतःच, ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्रमाने आणि विकरांच्या साहाय्याने साखरेच्या रेणूंची फांद्या फुटलेली साखळी प्रथिनाला जोडते. सर्वांत जास्त अभ्यासलेल्या प्रकारात ही साखळी ॲस्परॅजिन या अमिनो आम्लाला लागते, आणि तीही त्यानंतर एक सोडून पुढच्या जागी सेरीन किंवा थ्रिओनीन असेल तरच. सुरुवातीला एकदम १४ साखररेणूंचा तयार गुच्छ बसवला जातो आणि मग प्रथिन पेशीतून पुढे सरकत असताना त्याची छाटणी आणि सजावट होत राहते. दुसऱ्या प्रकारात साखर थेट सेरीन किंवा थ्रिओनीनला लागते. आपल्या रक्तातील बहुतेक प्रथिने, सर्व प्रतिपिंडे आणि पेशींच्या पृष्ठभागावरील जवळजवळ सर्व प्रथिने अशी शर्करायुक्त असतात.

विषाणूंच्या संदर्भात या साखरेला एवढे महत्त्व का?

कारण विषाणू आणि शरीर या दोघांची पहिली गाठ बहुधा साखरेपाशीच पडते. माणसांत पसरणारा इन्फ्लुएन्झाचा विषाणू श्वसनमार्गातील पेशींवरच्या साखळीच्या टोकाला असलेले सियालिक आम्ल (हाही एक प्रकारचा साखररेणूच) पकडतो. ते आम्ल शेजारच्या गॅलॅक्टोजला कोणत्या कोनात जोडलेले आहे, एवढ्याशा फरकावरून माणसांचा फ्लू आणि पक्ष्यांचा फ्लू यांची आवड वेगळी होते. एचआयव्हीच्या बाहेरील प्रथिनाचे सुमारे निम्मे वस्तुमान साखरेचेच असते, आणि ती साखर आपल्याच पेशीने चढवलेली असल्यामुळे प्रतिकारसंस्थेला ती परकी वाटत नाही. करोना विषाणूच्या काटेरी प्रथिनाच्या प्रत्येक घटकावर साखर लागण्याच्या २२ जागा आहेत, म्हणजे तीन घटकांच्या पूर्ण काट्यावर ६६.

शरीराच्या बाजूनेही तसेच आहे. प्रतिपिंडाने विषाणू पकडल्यानंतर पुढे मारक पेशींना बोलवायचे की नाही आणि किती जोराने, हे प्रतिपिंडाच्या खोडावरील एका साखळीवर अवलंबून असते. म्हणून विषाणूविरुद्ध वापरायचे मानवी प्रथिन कारखान्यात तयार करताना त्याच्या अमिनो आम्लांचा क्रम बरोबर असणे एवढेच पुरेसे नसते.

मग ही प्रथिने यीस्टमध्येच का करायची?

ई. कोलाय हा जिवाणू स्वस्त आणि वेगवान आहे, पण आपल्यासारखी साखर जोडण्याची व्यवस्था त्याच्याकडे नाही. चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून १९५७ साली वेगळ्या केलेल्या पेशींपासून वाढवलेले वंश आज औषधी प्रतिपिंडांसाठी सर्वाधिक वापरले जातात. त्यांची साखर मानवी साखरेच्या बरीच जवळची असते, मात्र या पेशी दुप्पट व्हायला साधारण एक दिवस घेतात, त्यांना महागडे पोषणद्रव्य लागते आणि मुख्य म्हणजे त्यांना प्राण्यांच्या विषाणूंची बाधा होऊ शकते. २००९ साली बोस्टनमधील एका मोठ्या कारखान्यात अशा पेशींच्या टाक्यांमध्ये व्हेसिव्हायरस शिरला, उत्पादन थांबवावे लागले आणि दुर्मीळ आजारांच्या औषधांचा जगभर तुटवडा झाला. यीस्टला असे विषाणू लागत नाहीत, आणि मानवी विषाणूही तिच्यात वाढू शकत नाहीत.

यीस्ट दोन-तीन तासांत दुप्पट होते, साध्या क्षारांच्या द्रावणावर वाढते आणि तरीही ती आपल्यासारखीच केंद्रक असलेली पेशी आहे. प्रथिनाची घडी घालण्याची आणि त्याला साखर जोडण्याची यंत्रणा तिच्यात आहे. या कामात सर्वाधिक वापरली जाणारी जात म्हणजे पिकिया पास्टोरिस. वर्गीकरणात तिचे नाव आता कोमागाटेला फाफी असे झाले आहे, पण प्रयोगशाळांत अजून ‘पिकिया’च म्हणतात. १९७० च्या दशकात फिलिप्स पेट्रोलियम या अमेरिकी तेल कंपनीने मिथेनॉलवर वाढणारी ही यीस्ट जनावरांच्या खाद्यासाठी स्वस्त प्रथिन म्हणून वाढवायला घेतली होती. तेलसंकटाने मिथेनॉल महाग केले, सोयाबीन स्वस्त राहिले आणि तो बेत फसला. मात्र टाकीत प्रतिलीटर १०० ग्रॅमहून अधिक कोरडे वस्तुमान भरेल इतकी दाट वाढ कशी करायची, हे ज्ञान मागे उरले. त्यासोबत एक जनुकीय खटकाही हाती आला. मिथेनॉल दिले की या यीस्टमधील एक विशिष्ट जनुक प्रचंड जोमाने चालू होते. त्या जनुकाच्या चालकभागापुढे मानवी जनुक बसवले की मिथेनॉल टाकताच मानवी प्रथिन तयार होऊ लागते.

यीस्टची साखर आणि माणसाची साखर यांत फरक काय?

सुरुवात दोघांची एकच आहे. आंतरद्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीत प्रथिनाची घडी घातली जाते त्या जाळ्यात, १४ रेणूंचा तोच गुच्छ लागतो, तीच प्राथमिक छाटणी होते आणि प्रथिन आठ मॅनोज (एक साधी साखर) उरलेल्या साखळीसह गॉल्जी यंत्रणेकडे, म्हणजे पेशीतील प्रथिनांवर शेवटचा हात फिरवणाऱ्या कप्प्यांकडे, निघते. तिथून वाटा फुटतात. माणसाची पेशी साखळी आणखी छाटून पाच आणि नंतर तीन मॅनोजपर्यंत आणते, मग त्यावर एन-असिटाइल ग्लुकोसामाइन, गॅलॅक्टोज आणि टोकाला सियालिक आम्ल चढवते. यीस्ट छाटत नाही, भर घालते. ओसीएच-१ नावाचे विकर एक मॅनोज अशा जागी लावते की त्याच्यावर पुढे मॅनोजची रांग वाढू लागते. पाव फुगवणाऱ्या सॅकरोमायसिस यीस्टमध्ये ही रांग ५० पासून २०० रेणूंपर्यंत जाऊ शकते. पिकियामध्ये ती बरीच आखूड राहते, आणि सॅकरोमायसिसमध्ये टोकाला सापडणारी, मानवी प्रतिकारसंस्थेला खुपणारी एक विशिष्ट मॅनोज-जोडणी तिच्यात नसते. पिकियाला पसंती मिळण्यामागे हेही एक कारण आहे.

मॅनोजचे असे झुपके घेऊन प्रथिन रक्तात गेले तर यकृतातील आणि प्रतिकारसंस्थेतील पेशी आपल्या मॅनोज-ग्राहकांनी (मॅनोज ओळखून पकडणाऱ्या प्रथिनांनी) ते झटपट उचलून नेतात. औषध काम करण्याआधीच संपते. टोकाचे सियालिक आम्ल नसले आणि गॅलॅक्टोज उघडे पडले, तरी यकृतातील दुसरा ग्राहक तेच करतो. येथे एक पुस्ती जोडली पाहिजे. मॅनोज नेहमीच शत्रू असते असे नाही. गोशे या दुर्मीळ आनुवंशिक रोगाच्या औषधात साखळी मुद्दाम मॅनोजपर्यंत छाटली जाते, कारण ते औषध त्याच भक्षक पेशींत जायला हवे असते. आणि लशीतील प्रतिजनावर (प्रतिकारसंस्थेला ओळख पटवणाऱ्या भागावर) थोडे मॅनोज असल्यास प्रतिकारसंस्थेच्या पहारेकरी पेशी ते अधिक सहज उचलतात. साखर चांगली की वाईट हे प्रथिनाने कुठे जायचे आहे यावर ठरते.

यीस्टची साखर ‘मानवी’ कशी करतात?

हा या सर्व प्रकरणाचा गाभा आहे. पहिले काम काढून टाकण्याचे : ओसीएच-१ चे जनुक निकामी केले की मॅनोजची लांब रांग सुरूच होत नाही. १९९८ साली जपानमधील योशिफुमी जिगामी यांच्या गटाने सॅकरोमायसिसमधील असे तीन जनुक काढून आणि छाटणारे विकर आत घालून मानवी पेशीत मध्यावस्थेत आढळणारी पाच मॅनोजची साखळी मिळवली. बेल्जियममधील गेंट येथे रोलां काँट्रेरास आणि निको कॅलेवार्ट यांच्या गटाने पिकियासाठी तशीच व्यवस्था विकसित केली.

दुसरे काम भर घालण्याचे, आणि ते अधिक अवघड. मानवी साखळीसाठी लागणारी विकरे यीस्टमध्ये नाहीत. ती बाहेरून आणावी लागतात. पण विकराचे जनुक घातले म्हणजे काम झाले असे होत नाही, कारण प्रत्येक विकर गॉल्जी यंत्रणेच्या योग्य कप्प्यात, योग्य क्रमाने बसावे लागते. छाटणाऱ्याआधी सजवणारा भेटला तर सगळी साखळी चुकते. अमेरिकेतील डार्टमथ विद्यापीठात शिकवणारे टिलमन गर्नग्रॉस यांनी स्थापन केलेल्या ग्लायकोफाय या कंपनीने यावर एक खटपटी पण परिणामकारक उपाय काढला. विकराचा काम करणारा भाग एका जीवाचा आणि त्याला ठरावीक कप्प्यात नेणारा ‘पत्ता’ दुसऱ्याच प्रथिनाचा, अशा शेकडो जोड्या त्यांनी जुळवल्या आणि जी जोडी पिकियात प्रत्यक्ष काम करेल ती निवडली. २००३ मध्ये मानवी पद्धतीच्या जटिल साखळीपर्यंत ते पोहोचले.

शेवटची पायरी सियालिक आम्लाची होती. यीस्टकडे सियालिक आम्ल जोडणारे विकर तर नाहीच, पण मुळात ते आम्लच नाही. म्हणजे कच्चा माल तयार करणारी सबंध साखळी, तो माल गॉल्जीत पोहोचवणारा वाहक आणि शेवटी तो लावणारे विकर, हे सर्व एकाच पेशीत बसवावे लागले. २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ग्लायकोफायने जाहीर केले की पिकियातील चार जनुके काढून आणि इतर जीवांतील १४ जनुके घालून टोकाला सियालिक आम्ल असलेले एरिथ्रोपोएटिन (तांबड्या रक्तपेशी वाढवणारे मानवी प्रथिन) त्यांनी तयार केले आहे. त्याच वर्षी मर्क कंपनीने सुमारे ४० कोटी डॉलरला ग्लायकोफाय विकत घेतली.

एक त्रास मात्र राहतो. दुसऱ्या प्रकारची, म्हणजे सेरीन आणि थ्रिओनीनवरची साखर यीस्ट स्वतःच्या पद्धतीने, पुन्हा मॅनोजचीच लावते. आणि ती लावणारी जनुके सरसकट काढली तर यीस्ट जगत नाही. तिथे निवडक जनुके काढणे किंवा विकराला अडवणारे रसायन वापरणे, अशी तडजोड करावी लागते.

कावीळ ‘ब’ ची लस यीस्टमध्ये बनते असे ऐकले आहे. ती याच तंत्राची आहे का?

ती या तंत्राची पूर्वज म्हणता येईल, पण तिच्यात मानवी साखर नाही. पाब्लो व्हॅलेन्झुएला, विल्यम रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली दाखवून दिले की कावीळ ‘ब’ विषाणूचे पृष्ठभागावरील प्रतिजन सॅकरोमायसिसमध्ये तयार होते आणि त्याचे आपोआप गोलक बनतात. १९८६ मध्ये अमेरिकेत परवाना मिळालेली ती माणसांसाठीची पहिली पुनर्संयोजित लस, म्हणजे एका जीवाचे जनुक दुसऱ्यात घालून बनवलेली. त्याआधीची लस वाहक रुग्णांच्या रक्तातून काढावी लागे, हे लक्षात घेतले म्हणजे या बदलाचे मोल कळते. भारतात हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली आणलेली लस पिकियामध्ये, तर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची जीनव्हॅक-बी हॅन्सेन्युला पॉलिमॉर्फा या दुसऱ्या मिथेनॉलवरच्या यीस्टमध्ये तयार होते. महाराष्ट्रातील असंख्य बाळांना यीस्टमधील प्रथिनाची पहिली भेट याच सुईतून झालेली आहे.

नैसर्गिक विषाणूत या प्रतिजनाच्या काही प्रतींवर एका जागी साखर असते. यीस्टमधील प्रतिजनावर ती नसते, तरीही लस उत्तम काम करते. कारण संरक्षण देणारी प्रतिपिंडे ज्या भागाला ओळखतात, त्या भागाच्या घडीसाठी साखर लागत नाही.

कॉर्बेव्हॅक्स या करोनावरील लशीच्या वेळी काय केले गेले?

साखर नीट करण्याऐवजी साखरेची जागाच काढून टाकली गेली. अमेरिकेत ह्यूस्टन येथे पीटर होटेझ आणि मारिया एलेना बोटाझी यांच्या गटाने करोना विषाणूच्या काट्यातील, मानवी पेशीला चिकटणारा भाग पिकियात तयार करायला घेतला. या भागात साखर लागण्याच्या दोन जागा आहेत. सुरुवातीच्याच, ३३१ व्या स्थानावरील जागेवर यीस्ट नको तितके मॅनोज चढवत होती. गटाने ते ॲस्परॅजिन वगळले, शिवाय ५३८ व्या स्थानावरील सिस्टीन हे अमिनो आम्ल बदलले, कारण त्यामुळे दोन रेणू एकमेकांना जुळत होते. ही रचना हैदराबादच्या बायोलॉजिकल ई कंपनीकडे आली, तिला तुरटीवर्गातील ॲल्युमिनियमचे आणि सीपीजी १०१८ हे सहायक (लशीचा परिणाम वाढवणारे घटक) जोडले गेले, २८ डिसेंबर २०२१ रोजी आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली आणि १६ मार्च २०२२ पासून १२ ते १४ वर्षांच्या मुलांना ती दिली जाऊ लागली. क्युबाची अब्दाला ही लसही पिकियातच तयार होते.

शास्त्राच्या दृष्टीने हा मार्ग थोडा कमी दिमाखदार वाटेल, पण घाईच्या काळात तो शहाणपणाचा होता, असे माझे मत आहे. लशीला रक्तात आठवडाभर टिकायचे नसते; प्रतिकारसंस्थेला ओळख पटवून दिली की तिचे काम संपते.

विषाणूंशी थेट लढणारे मानवी प्रथिन यीस्टमध्ये करता येते का?

येते, आणि त्याची सुरुवात फार जुनी आहे. १९५७ साली लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी इंटरफेरॉन शोधले : विषाणूची बाधा झालेली पेशी शेजारच्या पेशींना सावध करण्यासाठी सोडते ते प्रथिन. १९८१ मध्ये यीस्टमधून मानवी इंटरफेरॉन तयार केल्याचे जाहीर झाले. यीस्टमध्ये चालवलेल्या अगदी पहिल्या मानवी जनुकांपैकी हे एक.

इंटरफेरॉनच्या उदाहरणात साखरेचा प्रश्न फार स्पष्ट दिसतो. अल्फा-२बी या प्रकारावर निसर्गतः एकाच जागी, थ्रिओनीनवर, छोटी साखर असते. जिवाणूत तयार केलेल्या औषधात ती नसते आणि तरी ते औषध कावीळ ‘ब’ आणि ‘क’ साठी अनेक वर्षे वापरले गेले. रक्तात ते लवकर संपते म्हणून त्याला पॉलिएथिलीन ग्लायकॉलची शेपटी जोडावी लागली. एका अर्थी निसर्गाच्या साखरेचे काम रसायनाकडून करून घेतले गेले. बीटा या प्रकारात मात्र ८० व्या ॲस्परॅजिनवर मोठी साखळी असते. ती नसलेले बीटा इंटरफेरॉन गोळे होऊन बसते आणि मात्रेमागे त्याची ताकद बरीच कमी भरते. एकाच कुटुंबातील एका प्रथिनाला साखर ऐच्छिक आणि दुसऱ्याला जवळपास अनिवार्य, असा हा मामला आहे.

आईच्या दुधातील लॅक्टोफेरिन यीस्टमध्ये करतात, ते विषाणूंवर चालते का?

लॅक्टोफेरिन हे लोह धरून ठेवणारे शर्करायुक्त प्रथिन आहे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दुधात, म्हणजे चिकात, ते सर्वाधिक असते. विषाणू पेशीच्या पृष्ठभागावरील ज्या ऋणभारित साखळ्यांना आधी टेकतात, तिथेच लॅक्टोफेरिन जाऊन बसते आणि त्यांची वाट अडवते. प्रयोगशाळेतील पेशींवर नागिणीच्या वर्गातील विषाणूंसह अनेकांविरुद्ध हे दिसले आहे. मानवी लॅक्टोफेरिन पिकियात तयार होते आणि अमेरिकेत ते पूरक आहारासाठी विकले जाते.

पण काचेच्या तबकडीतला परिणाम आणि अंगातला परिणाम यांत अंतर असते. ब्रिटनमध्ये अकाली जन्मलेल्या २,२०० हून अधिक बाळांना गाईचे लॅक्टोफेरिन देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात उशिरा होणारे गंभीर जंतुसंसर्ग कमी झाले नाहीत. ते प्रथिन गाईचे होते आणि चाचणी विषाणूंपुरती नव्हती, हे मान्य केले तरी ‘विषाणूनाशक’ अशा जाहिरातीवर पैसे खर्च करण्याआधी हा निकाल आठवावा. खरवस खाऊन फ्लू टळत नाही. तो चवीसाठी खावा.

प्रतिपिंडांच्या साखरेत एवढे काय आहे?

इथे यीस्टला एक अनपेक्षित फायदा आहे. प्रतिपिंडाच्या खोडावर २९७ व्या ॲस्परॅजिनला साखळी असते आणि माणसात तिच्या मुळाशी बहुधा फ्यूकोज नावाची साखर असते. ती नसेल तर मारक पेशींवरील ग्राहक प्रतिपिंडाला कितीतरी पटींनी घट्ट धरतो आणि बाधित पेशी अधिक सहज मारली जाते. हॅमस्टरच्या पेशीत फ्यूकोज टाळण्यासाठी जनुक काढावे लागते; पिकिया ते लावतच नाही. २०१४ च्या इबोला साथीत वापरलेल्या झेडमॅप या प्रतिपिंडमिश्रणासाठीही फ्यूकोजरहित साखर मुद्दाम निवडली होती, फक्त ती तंबाखूच्या कुळातील वनस्पतीत तयार केली गेली.

मात्र फ्यूकोज काढले की प्रतिपिंड चांगलेच होईल, असे समजणे धोक्याचे आहे. डेंगीच्या गंभीर रुग्णांच्या शरीरात फ्यूकोज नसलेल्या प्रतिपिंडांचे प्रमाण वाढलेले असते, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. गंभीर करोनातही काट्याविरुद्धच्या प्रतिपिंडांबाबत नंतर तसेच आढळले. ज्या विषाणूला प्रतिपिंडाचा हात धरून पेशीत शिरता येते किंवा ज्या आजारात दाहच मारक ठरतो, तिथे अधिक घट्ट पकड रुग्णाच्याच मुळावर येऊ शकते. म्हणून डेंगीसाठीच्या प्रतिपिंडाची साखर आणि इबोलासाठीची साखर एकाच साच्यातून काढता येणार नाही. यीस्टचे खरे बळ मला इथे दिसते : तिच्या निरनिराळ्या वंशांतून हवी ती एकच साखळी बऱ्याच अंशी शुद्ध स्वरूपात मिळू शकते, तर प्राण्यांच्या पेशींत नेहमी अनेक साखळ्यांचे मिश्रण येते.

मग अशी औषधे बाजारात का दिसत नाहीत?

बाजारात पिकियाची औषधे आहेत, पण साखर टाळणारी. २००९ साली अमेरिकेत परवाना मिळालेल्या एकॅलॅन्टाइड या औषधी प्रथिनावर साखर नाही. भारतात बायोकॉनने पिकियातून आणलेल्या इन्सुलिनवर मुळातच साखर नसते. २०२० साली मंजूर झालेले, अर्धशिशीसाठीचे एप्टिनेझुमॅब हे पूर्ण प्रतिपिंड पिकियात तयार होते, आणि त्यात २९७ वे ॲस्परॅजिन बदलून साखरेची जागाच रद्द केलेली आहे. म्हणजे कॉर्बेव्हॅक्समध्ये जे केले तेच. मानवी साखर घडवण्याची कला विसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू होऊन २००६ पर्यंत सिद्ध झाली, तरी कारखान्यांनी तिच्याभोवतून वाट काढणेच पसंत केले.

याचे कारण शास्त्रापेक्षा हिशेबात आहे. हॅमस्टरच्या पेशींचे उत्पादन दरम्यान खूप सुधारले, त्यांच्यासाठी कारखाने उभे राहिलेले होते आणि नियामकांना त्यांची सवय होती. अनेक जनुके बदललेली यीस्ट मूळ यीस्टपेक्षा नाजूकही होते. भिंतीतील मॅनोज बिघडल्याने ती हळू वाढते आणि टाकीत लवकर फुटते.

यीस्टमधील प्रथिन सुरक्षित असते का? ते शाकाहारी म्हणता येईल का?

औषध शुद्ध करताना यीस्टच्या पेशी, तिचा डीएनए आणि मिथेनॉल काढून टाकले जातात व उरलेले अंश मर्यादेत आहेत याची प्रत्येक घाण्याला तपासणी होते. ज्यांना यीस्टची तीव्र ॲलर्जी आहे त्यांना यीस्टमधील कावीळ ‘ब’ ची लस देऊ नये, असे तिच्या माहितीपत्रकात असते. पाव खाल्ल्यावर पोट फुगते, याला ॲलर्जी म्हणत नाहीत. यीस्ट ही बुरशी आहे, प्राणी नाही, आणि उत्पादनात प्राणिजन्य पोषणद्रव्य लागत नाही. मात्र औषधातील इतर घटकांची माहिती ज्याची त्याने पाहावी.

गोव्यात माडाच्या सुरेने पाव फुगवतात. त्या यीस्टने प्रतिकारशक्ती वाढते का?

या विषयाशी त्याचा संबंध नाही. त्या यीस्टमध्ये मानवी जनुक नसते आणि भट्टीत ती मरते.

भारतात अशा यीस्टवर कोणाचे नियंत्रण असते?

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खालील १९८९ च्या नियमांनुसार जनुकीय फेरफार केलेल्या जीवांवर देखरेख होते. संशोधनाच्या टप्प्यावर जैवतंत्रज्ञान विभागातील समिती आणि माणसांवरील चाचणी व परवान्यासाठी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, असे काम वाटलेले आहे.

नवा विषाणू आला तर यीस्टमधून किती लवकर प्रथिन मिळेल?

नुसते प्रथिन हवे असेल तर जनुक घातलेला वंश काही आठवड्यांत तयार होतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील क्रिस्टोफर लव्ह यांच्या गटाने २०१८ मध्ये टेबलावर मावेल अशा यंत्रसंचात पिकिया वाढवून, इंटरफेरॉन अल्फा-२बी सह तीन प्रथिने सुमारे तीन दिवसांत शुद्ध करून दाखवली. या तिन्हींत यीस्टकडून मानवी साखरेची अपेक्षा नव्हती. साखर हवी असेल, तर फेरफार केलेला यीस्टचा वंश आधीच तयार असावा लागतो, त्यावर नव्या प्रथिनाची साखळी पुन्हा तपासावी लागते, आणि साथ सुरू झाल्यावर हे काम हाती घेतले तर तोवर पहिली लाट ओसरलेली असते.